घरासाठी सोडलेली मुंबई

कविसंमेलनाच्या निमित्तानं बाहेरगावी गेलो की चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "आपण कुठले?" मी म्हणतो, "मुंबईचा." "मुंबईत कुठे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी मुंब्रा म्हटलं की विचारणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे ठाण्याच्या पलीकडे. मग मुंबई कशी?" त्याचं बरोबरच असतं. मुंब्रा ठाणे महापालिकेत आहे. पण माझा जन्म डोंगरीच्या चाळीतला, शाळा तिथलीच आणि आयुष्यभर मुद्रितं तपासली ती गिरगावातल्या छापखान्यात. मी मुंबईबाहेर गेलो तो फक्त झोपण्यापुरता.

हे माझ्या एकट्याचं नाही. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार, पनवेल इथल्या कुठल्याही इमारतीत चार दारं वाजवा, त्यातल्या दोन घरांत तरी गिरगाव, लालबाग, परळ, माझगाव इथल्या खोलीची आठवण निघेल. "मुंबई परवडेना म्हणून आलो," असं सगळे एका वाक्यात सांगतात. वाक्य खरं आहे, पण ते न परवडणं एका रात्रीत झालेलं नाही. त्याला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

पहिली गोष्ट अशी, की जुन्या मुंबईत सामान्य माणूस घर विकत घेतच नसे. घर भाड्याचं असे. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, पेढीवरचा कारकून, सगळे भाडेकरू. माझे वडील रत्नागिरीकडून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गावातल्या माणसांनी मिळून घेतलेल्या सामाईक खोलीत पथारी टाकून राहिले. तिथं प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक खुंटी. मालकीचं घर होतं ते गावाला, समुद्राकाठी, आणि त्याला कुलूप कधीच नसे. मुंबईत पाहिजे होती ती पाठ टेकायला जागा.

ही जागाही नेहमीच अपुरी. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर पळालं. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं ते तेव्हा. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. पण रस्ते काढताना ज्यांच्या खोल्या गेल्या ते बहुतेक गरीब होते, आणि दादर-माटुंग्याला जे राहायला गेले ते बहुतेक मध्यमवर्गीय. घर गेलं एकाचं, मिळालं दुसऱ्याला. मुंबईच्या विकासाची ही रीत तिथून सुरू झाली असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास खातं निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथं बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. या चाळी आज पाडल्या जात आहेत, पण त्या सरकारनं कामगारासाठी, भाड्यानं देण्यासाठी बांधल्या होत्या हे लक्षात ठेवायला हवं. त्याच सुमारास, १९१५ साली, गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. पुढे 'सोसायटी' हा शब्द मराठी घराघरांत गेला, त्याचं मूळ तिथलं.

आता गोष्टीतलं मोठं वळण येतं. दुसऱ्या महायुद्धात भाडी भडकली, मग फाळणीचे निर्वासित आले. १९४७ साली मुंबई सरकारनं भाडेनियंत्रणाचा कायदा केला. भाडं सप्टेंबर १९४० मध्ये होतं तिथं गोठवलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली. कायदा तात्पुरता होता. मुदत वाढत वाढत तो २००० सालापर्यंत टिकला. त्या वर्षी नवा कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

या कायद्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. हा कायदा नसता तर अब्बांना मालकानं केव्हाच रस्त्यावर काढलं असतं. लग्नानंतर त्यांनी डोंगरीत दहा बाय बाराची खोली पागडीवर घेतली होती. महिन्याचं भाडं इतकं कमी, की पावती फाडायला येणारा मेहता, "कागदाचेही पैसे सुटत नाहीत," असं दर वेळी म्हणायचा. आम्ही सहा भावंडं त्या भाड्यावर वाढलो, शिकलो.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. ज्या भाड्यात कागदाचे पैसे सुटत नाहीत त्यात मालक छप्पर कशाला शाकारील? चाळी गळू लागल्या, जिने टेकूवर आले. सरकारनं १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढलं आणि उपकर बसवला. त्यात शहरातल्या १९ हजारांहून अधिक जुन्या इमारती आल्या. आणि भाड्यानं देण्यासाठी नवी चाळ बांधायला पुढे कुणी येईना. पैसेवाल्यानं इमारत बांधायची ती विकण्यासाठी, असा नवा रिवाज पडला. या विक्रीला शिस्त लावण्यासाठी राज्यानं १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. 'ओनरशिप' हा इंग्रजी शब्द आमच्या चाळीतल्या बायकाही तेव्हापासून बोलू लागल्या. "तिनं ओनरशिपचं घर घेतलं," म्हणजे ती सुटली.

इथं मुंबईतलं घर बदललं. आधी घराला भाडं होतं, आता किंमत आली. भाडं पगारातून जातं, किंमत मात्र एकदम मोजावी लागते. ज्याच्याकडे गाठोडं नाही त्यानं काय करायचं? १९७७ साली हसमुख पारेख यांनी गृहकर्जासाठी एचडीएफसी काढली, पुढे बँकाही आल्या. पण कर्जाला पगाराची पावती लागते. छापखान्यात रोजंदारीवर मुद्रितं तपासणारा, गाडी ओढणारा, शिवणकाम करणारा ती कुठून आणणार? त्याला एकच मार्ग उरला. जिथं जमीन स्वस्त आहे तिथवर आगगाडीच्या रुळांवरून जात राहायचं.

रूळ आधीच तयार होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, खाडी ओलांडून, पारसिकचा डोंगर फोडून ती कल्याणला पोचली. विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली ती १८६७ मध्ये. ज्यांनी हे रूळ टाकले त्यांच्या डोळ्यांसमोर दख्खनचा आणि गुजरातचा कापूस होता. शंभर वर्षांनी त्याच रुळांवरून माणसं भरून जाऊ लागली. साठ-सत्तरच्या दशकांत गिरगाव-दादरचा मराठी कारकून डोंबिवलीला गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या आणि कित्येकांनी खोलीची पागडी करून नालासोपाऱ्याची, बदलापूरची वाट धरली.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झालं. नवी मुंबई झाली, चांगली झाली. पण मंत्रालय आणि मोठ्या कचेऱ्या जुन्या मुंबईतच राहिल्या आणि वाशीपर्यंत लोकल जायला १९९२ साल उजाडलं. नोकरी एकीकडे, घर दुसरीकडे, हे कोडं काही सुटलं नाही.

मुंब्र्याची गोष्ट याच साखळीतली, पण तिच्यात एक कडी जास्त आहे. पारसिकच्या डोंगराखाली मुंब्रा आणि कौसा ही जुनी गावं, वर डोंगरात मुंब्रादेवीचं देऊळ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. त्यानंतर हजारो मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला आली. मला लोक विचारतात, तुम्ही भीतीनं आलात की स्वस्ताईनं? याचं सरळ उत्तर मला देता येत नाही.

माझं लग्न १९९६ मध्ये झालं. खोलीत आई-वडील, दोन भाऊ, एक भावजय. आम्ही दोघं गॅलरीत गोधडी टाकत असू. पश्चिम उपनगरात एक भाड्याची जागा पाहिली. दलालाशी बोलणं झालं, डिपॉझिट ठरलं. मी मराठी बोलतो म्हणून त्यानं नाव विचारलं नव्हतं. कागद करताना नाव सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, माझं काही नाही, सोसायटीचा प्रॉब्लेम होईल." त्यानं टोकनची नोट माझ्या खिशात परत ठेवली, तीही अगदी अदबीनं. त्या रात्री अब्बा म्हणाले, "खोली काढू या." डोंगरीच्या खोलीची पागडी आली, रीतीप्रमाणे तिसरा हिस्सा मालकाला गेला, उरलेल्याचे वाटे झाले. माझ्या वाट्यात अम्माच्या दोन बांगड्या घातल्या तेव्हा कौशाला एक वन रूम किचन झालं. अब्बा-अम्मा माझ्याकडे राहिले.

तेव्हा भीती होती, हे खोटं कसं सांगू? पण दादरला परवडलं असतं आणि दिलं असतं तर मी दादरला गेलो असतो. ज्याला पैसे नाहीत त्याला शहर एक दार बंद करतं. ज्याचं नाव वेगळं आहे त्याला दुसरंही बंद करतं. दोन्ही बंद झालेली माणसं एकाच स्टेशनवर उतरली, म्हणून मुंब्रा एवढं वाढलं.

पहिल्या दिवशी अम्मानं संडासाचं दार आतून लावून पाहिलं, उघडलं, परत लावलं. बाहेर येऊन म्हणाली, "आपलं एकट्याचं?" चाळीतल्या रांगेत चाळीस वर्षं डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला घर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. विजेच्या बिलावर माझं नाव आलं तो कागद अब्बांनी उशीखाली ठेवला होता.

या आनंदाची किंमत आम्ही हप्त्यानं भरत राहिलो. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. त्या काळी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून सरळ निघून जात, मुंब्र्याला थांबत नसत. संमेलन रंगात आलं की मी घड्याळ पाहायचो, शेवटची धीमी गाडी चुकू नये म्हणून. मुलं जागी असताना मी घरी क्वचितच असे. स्वस्त घराची यापेक्षा भारी किंमत भरलेलेही आहेत. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ एक बेकायदा इमारत कोसळली. तिचे मजले अजून चढतच होते आणि खाली माणसं राहायला आली होती. ७४ जण गेले. ९ जून २०२५ ला सकाळी कामाला निघालेली माणसं मुंब्र्याच्या वळणावर गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारांतून खाली पडली आणि त्यांतली काही घरी परतलीच नाहीत. मी त्या वळणावरून हजारो वेळा दाराला लटकून गेलो आहे. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

जनगणनेचे आकडे पाहा. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३२ लाख ८५ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजार झाली. एवढे टॉवर उभे राहिले आणि माणसं दोन लाखांनी कमी झाली! २००१ ते २०११ या दहा वर्षांत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. या आकड्यांत मीही आहे, माझी पत्नी आहे आणि मुंब्र्यात जन्मलेली माझी मुलं आहेत.

मोठ्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं. ती एका शाळेत शिकवते, जावई औषधांच्या दुकानात आहेत. मुंब्र्यात घर पाहिलं, पण आता मुंब्राही त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. परवा ती म्हणाली, "अब्बा, वांगणीला एक पाहिलंय. कर्ज होईल." मी विचारलं, "शाळेला किती वेळ लागेल?" ती हसली. म्हणाली, "तुम्ही नाही का गेलात?"

मी गेलो खरा. पण ते तिनंही करावं, असं मला कधी वाटलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी एका परक्या सरकारनं या शहरात कामगारासाठी भाड्याची खोली बांधली, हे मी तिला सांगितलं. तिला ते खरंच वाटेना. भाड्याची, सरकारनं बांधलेली, कामाच्या जवळ? येत्या रविवारी मी तिला वरळीला नेणार आहे. राहिलेल्या चाळींपैकी एखादी उभी असेल, तर दाखवीन.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)