काम नसतानाही लॅपटॉपचा पंखा का घुमतो? एका आवाजाचा इतिहास

१. धाराशिवमधील मे महिन्याची दुपार. लॅपटॉप उघडा आहे, पडद्यावर एकही काम चालू नाही, तरीही आतील पंखा घुमत आहे. यंत्र बिघडले असावे, ही पहिली शंका. मात्र संगणकाचा इतिहास पाहिला तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: काम नसताना यंत्र शांत राहावे, ही अपेक्षा मुळात आली कोठून आणि कधी?

२. आरंभ याच जिल्ह्यातील दोन वास्तूंपासून करावा. धाराशिव शहराजवळच्या डोंगरात पाचव्या ते सातव्या शतकांदरम्यान लेणी कोरली गेली. भर उन्हाळ्यातही आत शिरताच गारवा जाणवतो. भोवतालचा जाड खडक दिवसाची उष्णता शोषून घेतो आणि ती आतपर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागतो. येथे काहीच हलत नाही, म्हणून आवाजही नाही.

३. दुसरी वास्तू नळदुर्गची. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर किल्ला व रणमंडळ यांना जोडणारे धरण उभे राहिले आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात धरण भरले की ‘नर’ व ‘मादी’ हे धबधबे महालासमोर कोसळतात. आत बसलेला माणूस कोरडाच राहतो. कोसळणारे पाणी आणि त्यासोबत खेचली जाणारी हवा उष्णता वाहून नेतात. गारवा मोठा, पण गाजही मोठी.

४. उष्णतेशी व्यवहार करण्याचे हे दोन मार्ग: ती शोषून धरणे, किंवा ती वाहून नेणे. पहिला मार्ग निःशब्द आहे, पण त्याला मर्यादा आहे. दुसऱ्याची क्षमता मोठी, परंतु काहीतरी हलवावे लागते आणि हलणाऱ्या वस्तूला आवाज असतो. लॅपटॉपमध्ये हे दोन्ही मार्ग एकत्र येतात. प्रोसेसरवर धातूचा तुकडा असतो, त्यापासून निघालेली नळी कडेच्या पातळ पट्ट्यांपर्यंत जाते आणि त्या पट्ट्यांवर पंखा वारा घालतो.

५. ही नळीही इतिहासाचा भाग आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखवले. आत अगदी थोडे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून ते परत गरम टोकाकडे झिरपते. घरातील माठ ज्या बाष्पीभवनाने गार होतो, तेच येथे बंद नळीत अखंड चालते.

६. पंख्याचा इतिहास मात्र श्रमाचा आहे. इंग्रजी अमलातील कचेऱ्यांत आणि बंगल्यांत छताला कापडाचा मोठा झुलता पंखा टांगलेला असे व व्हरांड्यात बसलेला पंखेवाला त्याची दोरी ओढत राही. साहेब झोपला म्हणजे त्याचे काम संपत नसे. साहेबाची झोप टिकावी म्हणूनच तो जागा असे. एकाची विश्रांती हे दुसऱ्याचे काम, हे सूत्र पुढे संगणकातही भेटते.

७. आता संगणकाकडे. १९४५ च्या अखेरीस अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एनिॲक’मध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॉट वीज घेई. प्रत्येक नळीतील तंतू तापलेला ठेवावाच लागे, मग गणित चालू असो वा नसो. नळ्या बहुधा तापताना किंवा निवताना बिघडत, म्हणून यंत्र शक्यतो बंदही केले जात नसे. गरम हवा बाहेर काढण्यासाठी मोठे झोतपंखे होते.

८. महाराष्ट्रातही हेच घडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. मुख्य सांगाडा १८ फूट लांब व ८ फूट उंच होता. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. या पिढीच्या यंत्रांना ‘रिकामा वेळ’ ठाऊकच नव्हता: चालू असणे म्हणजे तापणे.

९. विश्रांतीचा शोध १९६३ मध्ये लागला. फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वॉनलास यांनी ‘सीमॉस’ ही मंडलरचना मांडली. ट्रान्झिस्टरांची जोडी अशी जुळवायची की एक चालू असताना दुसरा बंद राहावा. त्यामुळे स्थिती बदलतानाच वीज खर्च होते. स्थिर अवस्थेत खर्च जवळपास शून्य. यंत्राचे काम आणि यंत्राची उष्णता यांचे नाते प्रथमच जुळले.

१०. मात्र क्षमता मिळणे आणि ती वापरली जाणे यांत अंतर असते. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरमध्ये ‘थांब’ अशी आज्ञा होती, पण त्याची जुनी ‘एनमॉस’ रचना थांबूनही वीज खात राही. पुढे सीमॉस प्रोसेसर आले, तेव्हा प्रणाली मागे राहिली. विंडोज ९५ रिकाम्या वेळी ही आज्ञा देत नसे. प्रोसेसर काम शोधत गोल गोल फिरत राही. लिनक्स व विंडोज एनटी ती देत. विंडोज ९५ चे अनेक वापरकर्ते केवळ यासाठी वेगळे छोटे प्रोग्रॅम बसवत.

११. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला हा अपव्यय परवडणारा नव्हता. १९९० च्या इंटेल ३८६एसएल प्रोसेसरमध्ये वीजबचतीसाठी खास व्यवस्था आली. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात थंड करण्याच्या दोन पद्धती नोंदल्या आहेत: सक्रिय, म्हणजे पंखा लावणे, आणि निष्क्रिय, म्हणजे प्रोसेसरची गती कमी करणे. आवाज हवा की वेग, हा निर्णय तेव्हापासून यंत्राच्या नियमावलीतच लिहिला जाऊ लागला.

१२. इतक्यात विश्रांती पुन्हा महाग झाली. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की बंद अवस्थेतही त्यांतून वीज झिरपू लागली. तापाचा प्रश्न इतका वाढला की २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना सोडून दिली. पुढच्या काही वर्षांत न वापरलेल्या गाभ्याची वीज पूर्ण तोडण्याची सोय प्रोसेसरमध्ये आली.

१३. आता पुन्हा पंखेवाला आठवावा. माणसाने हात काढला की आजचे संगणक आपली राहिलेली कामे हाती घेतात: अद्ययावतीकरण, फायलींची सूची बनवणे, विषाणू तपासणी, छायाचित्रांची मेघसाठवण. ब्राउझरच्या उघड्या पानांवरील जाहिरातीही हलत असतात. वापरकर्ता रिकामा असतो. यंत्र रिकामे असतेच असे नाही.

१४. आणखी एक संदर्भ स्थळाचा. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. यंत्र आले, पण ज्या थंड खोलीला गृहीत धरून ते घडवले होते ती खोली सोबत आली नाही. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. धाराशिवचा उन्हाळा ४० अंश ओलांडतो.

१५. याचा हिशोब सोपा आहे. पट्ट्या ५२ अंशांवर आहेत असे धरू. खोली २२ अंशांवर असेल तर फरक ३० अंशांचा. खोली ४२ अंशांवर असेल तर फरक केवळ १० अंशांचा. तेवढ्याच वाऱ्याने आता एक-तृतीयांश उष्णताच बाहेर जाईल. उरलेली भरपाई पंख्याने वेग वाढवून करायची. म्हणून पुण्यातील वातानुकूलित कार्यालयात मूक असणारा लॅपटॉप उमरग्यात किंवा परंड्यात घुमला, तर तेवढ्यावरून त्याला सदोष ठरवता येत नाही.

१६. मग दोष ओळखावा कसा? एका पुराव्यावर निष्कर्ष काढू नये. भार आणि तापमान हे दोन आकडे एकत्र वाचावेत. भार विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’ या स्तंभात दिसतो. तापमान दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. टास्क मॅनेजर उघडताना स्वतःच थोडा भार टाकतो, म्हणून पहिले मिनिट सोडून द्यावे.

१७. पहिली शक्यता: भार जास्त. स्तंभावर क्लिक करून सर्वांत वर कोणता प्रोग्रॅम येतो ते पाहावे. अद्ययावतीकरण किंवा सूचीकरण असेल तर चार्जर लावून तासभर यंत्र चालू ठेवावे. काम संपले की पंखाही निवतो. ब्राउझर असेल तर पाने बंद करावीत. अनोळखी प्रोग्रॅम सतत वर दिसत असेल तर विषाणू तपासणी करावी. वीजयोजना ‘सर्वोच्च कामगिरी’वर असेल तर ती ‘संतुलित’ करावी.

१८. दुसरी शक्यता: भार कमी, तरी तापमान चढलेले. याचा अर्थ उष्णतेची वाट अडली आहे. गादी किंवा उशी खालची छिद्रे बुजवते. लॅपटॉप टणक पृष्ठभागावर ठेवावा. कोरड्या हवेतील धूळ पंखा व पट्ट्या यांच्यामध्ये नमद्यासारखी साचते. ती काढताना यंत्र बंद करून चार्जर काढावा, पंखा काडीने अडवून धरावा आणि हवेचे लहान झोत द्यावेत. मोकळा पंखा झोताने अतिवेगाने फिरून खराब होऊ शकतो. काही वर्षांनी प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेपही सुकतो. तो जाणकाराकडून बदलून घ्यावा.

१९. तिसरी शक्यता: भार कमी, तापमानही कमी, तरीही आवाज. खरखर होत असेल आणि लॅपटॉप तिरपा केल्यावर ती बदलत असेल, तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे. पंखा बदलणे हाच उपाय. आवाज स्वच्छ पण अखंड असेल तर बायोस पाहावे. काही यंत्रांत चार्जर लावलेला असताना पंखा कायम चालू ठेवण्याचा पर्याय असतो.

२०. तिन्ही तपासण्या शक्यतो सकाळी, खोली गार असताना कराव्यात. सकाळी शांत असलेले यंत्र दुपारीच घुमत असेल, तर कारण बहुधा खोलीच्या हवेत आहे. अशा वेळी जड कामे सकाळकडे न्यावीत आणि कूलरचा ओलसर झोत थेट यंत्रावर घेऊ नये. आवाज नको म्हणून पंखाच बंद पाडणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास यंत्र मंदावते आणि ताप फार चढला की स्वतःहून बंद होते.

२१. ‘टिफ्रॅक’च्या पिढीला यंत्राची विश्रांती माहीत नव्हती. आपल्या पिढीला ती इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात खंड पडताच दोष वाटतो. तो आवाज ऐकल्यावर तीनच प्रश्न विचारावेत: काम कोण करत आहे, उष्णतेची वाट मोकळी आहे का, आणि बाहेरची हवा किती तापली आहे.