बाहुल्यांची साक्ष

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपण आपले नाते सांगतो. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते नावातूनच सांगितले गेले. पण त्या लढ्यात वंशभेदाला कोर्टात खेचताना मानसशास्त्रालाही साक्षीला उभे केले होते, आणि त्या साक्षीचे मूळ एका काळ्या स्त्रीच्या संशोधनात होते, हे आपल्या चर्चेत क्वचितच येते. तिचे नाव मेमी फिप्स क्लार्क.

मेमीचा जन्म १९१७ चा, आर्कान्सा राज्यातला. वडील डॉक्टर, घर खाऊनपिऊन सुखी. तरी शाळा काळ्यांची वेगळीच. १९३८ च्या उन्हाळ्यात तिने एका वकिलाच्या कचेरीत काम केले. वंशभेदाविरुद्धच्या खटल्यांची आखणी तेथे चाले. पुढे एम.ए.च्या प्रबंधाला तिने विषय घेतला तो असा : शाळेत जाण्याआधीच्या वयात काळ्या मुलाला 'मी कोण' ही जाणीव कशी होते? बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथूनच तिने १९४३ साली डॉक्टरेट मिळवली. मार्गदर्शक हेन्री गॅरेट हा काळ्यांची बुद्धी जात्याच कमी असे मानणारा. अशा माणसाच्या हाताखाली संशोधन करणे म्हणजे काय, हे आपल्या मुलामुलींना वेगळे सांगायला नको.

मेमी आणि तिचा नवरा केनेथ क्लार्क यांनी चार बाहुल्या घेतल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांसमोर त्या ठेवून ते विचारीत : खेळायला कोणती आवडेल? चांगली कोणती? वाईट दिसते ती कोणती? आणि सर्वांत शेवटी : तुझ्यासारखी दिसणारी कोणती? ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. ५९ टक्क्यांनी तपकिरी बाहुली वाईट ठरवली. आणि शेवटच्या प्रश्नाला ६६ टक्क्यांनी तपकिरीच बाहुली उचलली. दोन मुले तर रडत खोलीबाहेर पळाली.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला माझा वर्ग आठवला. मला कोणी गोणपाटावर बसवले नव्हते. पण वर्षातून एकदा गुरुजी भर वर्गात म्हणत, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा.' आम्ही चौघे उभे राहत असू. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि तरी माझी मान खाली जाई. शेवटचा प्रश्न मला दरवर्षी विचारला जात होता.

१९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील खटल्यासाठी केनेथने तेथील १६ मुलांची हीच चाचणी घेतली आणि कोर्टात साक्ष दिली. १९५२ साली व्हर्जिनियाच्या खटल्यात गॅरेट वेगळ्या शाळांच्या बाजूने उभा राहिला. त्याचे म्हणणे खोडायला मेमी साक्षीला गेली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या तळटिपेत केनेथचे नाव आले. मेमीचे आले नाही.

या संशोधनावर आक्षेपही आले. दक्षिणेतील वेगळ्या शाळांत ६२ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली, तर उत्तरेतील मिश्र शाळांत ७२ टक्क्यांनी. मग वेगळ्या शाळेने इजा होते हे सिद्ध कसे झाले? प्रश्न खरा आहे. मी त्याचा अर्थ असा लावतो की शाळेची भिंत पाडली तरी रस्ता, दुकान, चित्रांचे पुस्तक गोऱ्यांचेच राहते. आणि मिश्र वर्गात तर तुलना रोज समोर बसलेली असते.

मला खरी खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. १९५२ मध्ये ३२ समाजशास्त्रज्ञांनी सह्या करून कोर्टाला एक निवेदन दिले होते. केनेथचा त्यात मोठा वाटा होता. वंशभेदाने गोऱ्या मुलांच्या मनाचेही नुकसान होते, असे त्यात मांडले होते. न्यायालयाने काळ्या मुलाचा न्यूनगंड तेवढा उचलला आणि हा भाग सोडून दिला. आपल्याकडेही तेच चालते. दलित विद्यार्थ्याचा न्यूनगंड मोजणाऱ्या प्रश्नावल्या मी पाहिल्या आहेत. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' म्हणताना गुरुजींच्या मनात काय चालते आणि बसून पाहणारी मुले त्यातून काय शिकतात, हे मोजणारी प्रश्नावली अजून माझ्या हाती पडलेली नाही.

मेमीला डॉक्टरेटनंतर योग्य नोकरी सहज मिळाली नाही. १९४६ साली वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन तिने आणि केनेथने हार्लेममध्ये मुलांसाठी मानसोपचार केंद्र काढले. पहिल्या काही वर्षांतच आईबाप मुलांना घेऊन येऊ लागले : शाळेने आमचे पोर मतिमंदांच्या वर्गात घातले आहे. मेमीने त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या पुन्हा घेतल्या. बहुतेक मुले त्या वर्गात घालण्याजोगी नव्हतीच; शाळेने नियम मोडून घातली होती. तिने ते लेखी मांडले. हे केंद्र तिने १९७९ पर्यंत चालवले.