संगणकीय मानवाकृती : प्रमाण आणि माप

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (६ वे शतक) प्रतिमेचे मुख तिच्याच अंगुलांनी १२ अंगुले सांगितले आहे. ‘तिच्याच’ हा शब्द महत्त्वाचा. अंगुल मूर्तीच्या देहातूनच निघत असल्याने वीतभर मूर्ती व पुरुषभर मूर्ती एकाच प्रमाणात घडते. प्रत्यक्ष उंची निराळी ठरवावी लागते. १९६४ च्या सुमारास बोईंग कंपनीत विल्यम फेटर याने संगणकाकडून वैमानिकाची आकृती रेखाटून घेतली, तेव्हा एवढ्याने भागणारे नव्हते. वैमानिककक्षातील कळीपर्यंत हात पोहोचतो की नाही, हे पाहावयाचे होते. तेथे खरी मापेच हवीत. मराठीत मात्र ‘प्रमाण’ हा शब्द अवयवांचा मेळ व माप या दोन्ही अर्थी चालतो, आणि घोटाळा तेथेच होतो. अवयव अचूक जुळलेली आकृतीही शेजारच्या खुर्चीशी न जुळल्यास बाहुलीच दिसते.