फांतोमास : भयाकडून हास्याकडे

दुर्जनाची कथा वाचतांना शेवटीं पापाला शासन होईल, ही एक अपेक्षा वाचकाच्या मनांत असतेच. फ्रान्समधील फांतोमासनें ती प्रथमपासून धुडकावली. पिएर सूव्हेस्त्र व मार्सेल आलँ या लेखकद्वयानें १९११ सालीं त्याला जन्म दिला आणि १९१३ पर्यंत दरमहा एक याप्रमाणें त्याच्या ३२ कादंबऱ्या लिहिल्या. नाना वेष घेणारा, निष्कारण क्रूर आणि प्रत्येक वेळीं पोलिसांच्या हातावर तुरी देणारा असा हा खुनी! १९११ च्या अखेरीस बोनोची टोळी पॅरिसमध्यें मोटारींतून दरोडे घालूं लागली. तेव्हां असा खलपुरुष वाचकांना केवळ काल्पनिक वाटला नसावा. लुई फइयादच्या १९१३-१४ मधील पांच मूकपटांतही त्याची भीषणता कायम होती.

अर्धशतक लोटलें. आंद्रे ऊनबेल या दिग्दर्शकानें १९६४ सालीं फांतोमासला पुन्हां पडद्यावर आणलें व पुढल्याच वर्षीं त्याचा दुसरा भाग काढला. या दुसऱ्या भागांत खलपुरुष ज्वालामुखीच्या पोटांत राहतो, माणसांचीं मनें ताब्यांत घेणारें यंत्र करण्यासाठीं शास्त्रज्ञ पळवितो आणि शेवटीं पंख फुटलेल्या मोटारींतून उडून जातो. पण प्रेक्षकांचें लक्ष वेधतो तो ज्यूव्ह हा पोलीस अधिकारी. कादंबऱ्यांतील हा धीरगंभीर पुरुष लुई द फ्यूनेस या नटाच्या हातीं केवळ चिडका, धांदरट व हास्यास्पद होतो. फांतोमास आणि त्याचा पाठलाग करणारा पत्रकार फांदोर या दोन्ही भूमिका मात्र एकट्या झां मारेनें केल्या आहेत.

हा पालट कां झाला? माझ्या मतें, दोन महायुद्धांत राष्ट्रांनींच आंखलेला संहार पाहिलेल्या पिढीला बुरख्याआडच्या एकट्या खुन्याचें भय उरलें नव्हतें. हंसण्यावांचून त्याचें करायचें तरी काय?

तथापि या हास्याची किंमतही ध्यानांत घ्यावी. फांतोमासचें निसटणें पूर्वीही पुढील पुस्तकाची जाहिरात होतेंच. पण न्याय पांगळा आहे, ही बोंचही त्यांत होती. १९६५ चा प्रेक्षक हंसत उठला आणि १९६७ सालीं तिसऱ्या भागाला पुन्हां आला. भय गेलें, हें बरेंच झालें. परंतु त्याच्याबरोबर पापाची चीडही गेली, हें तितकेंसें बरें झालें नाहीं.