लपणारी ठिणगी

मोटार-सायकलच्या बिघाडांत सर्वांत छळणारा बिघाड कोणता, तर जो शोधूं जातां सांपडत नाहीं. गाडी दहा मैल खुशाल धांवते, मग तिची फटफट चुकूं लागते आणि चढावर इंजिन गप्प होतें. स्वार खालीं उतरून तारा चांचपतो, हताश होऊन झाडाखालीं बसतो; आणि अर्ध्या तासानें, कांहींच केलेलें नसतां, तीच गाडी पहिल्या लाथेसरशीं सुरू होते. वैद्य दारांत यावा आणि पोटदुखी थांबावी, तसा हा प्रकार. गंमत अशी कीं, ज्या यंत्रांत हा बिघाड बहुधा दडे, तो मॅग्नेटो मुळांत बिघाड टाळण्यासाठींच गाडीवर आला होता.

१८९५ च्या सुमारास फ्रान्समधील द दियों-बूतों यांच्या तीनचाकी गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांच्या इंजिनाला ठिणगी मिळे ती बॅटरी व कॉइल यांपासून. बॅटरी उतरली कीं स्वारानें पायडल मारीत घर गांठावें! जर्मनींत स्टुटगार्ट येथें रॉबर्ट बॉश हे १८८७ पासून स्थिर इंजिनांसाठीं मॅग्नेटो बनवीत. त्यांत बॅटरी नव्हतीच. लोहचुंबकाच्या दोन टोंकांमध्यें तारेचें वेटोळें हालवून वीज निर्माण होई. फ्रेडरिक सिम्स या व्यावसायिकानें १८९७ सालीं आपली द दियों गाडी बॉश यांच्याकडे दिली, तेव्हां या यंत्राची उणीव उघडी पडली. इंजिन इतक्या वेगानें फिरे कीं तें जड वेटोळें त्याला पुरें पडेना. कारखान्याचे व्यवस्थापक आर्नोल्ड त्सेरिंगर यांनीं वेटोळें स्थिर ठेवून त्याभोंवतीं धातूचें हलकें कवच हालविण्याची युक्ति काढली. पुढें १९०२ मध्यें गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला.

इंग्लंडची या जर्मन यंत्रावर इतकी भिस्त होती कीं ऑगस्ट १९१४ मध्यें युद्ध पुकारलें जातांच तेथें मॅग्नेटोचा दुष्काळ पडला. लष्कराचे खलिते नेणारे स्वार ट्रायंफ, डग्लस अशा गाड्यांवरून अंधारांत, फ्लँडर्सच्या चिखलांतून जात. तेथें रुसलेली ठिणगी म्हणजे न पोंचलेला हुकूम! इंग्रज कारखान्यांना ही विद्या घाईनेंच हस्तगत करावी लागली.

या यंत्राचें मर्म त्याच्या पोटांत असे. केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे, आणि त्यांना एकमेकांपासून अलग राखणारा लेप बहुधा लाखेचा. ही लाख म्हणजे छोटा नागपूरच्या पळस-कुसुमांवरील किड्यांचीच देणगी. लाक्षागृहाची कथा ऐकलेल्यांना लाखेचें व उष्णतेचें वैर नव्यानें सांगावयास नको. इंजिनाशेजारीं तापून लेप मऊ पडे, वर्षानुवर्षें ओलावा शोषी, आणि वीज आडवाटेनें निसटूं लागे. वेटोळ्याच्या आंतच बसविलेला कंडेन्सरहि जुना झाल्यावर तापला कीं गळे. मग बळ जाई तें संपर्कबिंदूंवर, प्लगपाशीं ठिणगी पोंचेना. यंत्र निवलें कीं सारें पूर्ववत्. दमट हवेंत वेगळीच खोड : संपर्क तोडणाऱ्या दांडीची फायबरची बुशी फुगून दांडी अडके, आणि ऊन पडतांच आपोआप सुटे.

म्हणून जाणता मिस्त्री एकदम मॅग्नेटो उघडीत नसे. इंजिन बंद करण्याच्या बटणाची तार तो आधीं सोडवी. कारण हॅंडलपाशीं तिचें आवरण घासलेलें असेल, तर हॅंडल वळवतांच ती सांगाड्याला टेके आणि ठिणगी मरे. मग प्लग बदली. त्यानंतर गाडी काळोखांत चालवून पाही. प्लगच्या तारेवरून निळसर प्रकाश सरपटतांना दिसला, तर चोर तेथेंच सांपडे. इतकें करूनहि उलगडा न झाल्यास मॅग्नेटो काढावयाचा. पण थंड मॅग्नेटो टेबलावर हटकून उत्तम ठिणगी देई, आणि कित्येक मालकांना निर्दोष म्हणून परतहि मिळे. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे कारागीर यास्तव आजहि मॅग्नेटो आधीं चांगला ऊन करतात, आणि मगच फिरवून पाहतात.