शब्दवेध: स्काउस

लिव्हरपूलकरांचं ‘स्काउस’ हे बिरुद ‘लॉबस्काउस’वरून आलं. लॉबस्काउस म्हणजे मांस, कांदा, बटाटे आणि जहाजावरची कडक बिस्किटं एकत्र शिजवलेलं खलाशांचं कालवण. जर्मनीत त्याला ‘लाबस्काउस’ म्हणतात, नॉर्वेत ‘लाप्सकाउस’. स्काउस या ओळखीत आयरिश वारसाही आहे असं म्हटलं, तर मग या शब्दात आयरिश काय, असा आक्षेप कुणी घेईल. पण शब्दाचं कूळ आणि तो मिरवणाऱ्यांचं कूळ एकच असावं, असा नियम नाही. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर, १८५१च्या जनगणनेत, लिव्हरपूलमधल्या दर पाचांपैकी एकाहून अधिक माणसं आयर्लंडमध्ये जन्मलेली होती. इथल्या ‘स्कॉटलंड’ नावाच्या मतदारसंघानं १८८५ ते १९२९ टी. पी. ओ’कॉनर या आयरिश राष्ट्रवाद्यालाच संसदेत धाडलं. लिव्हरपूलच्या बोलीच्या उच्चारांतही अभ्यासकांना आयरिश छाप दिसते. तरी आयरिशपण या ओळखीत विरघळून गेलं, असं म्हणावं का? मला वाटतं, ते मुरलं. नाव कुणा एका जमातीचं नव्हतं, म्हणूनच वेल्श, चिनी, आफ्रिकी वंशाच्या शेजाऱ्यांसह आयरिशांनाही ते आपलं म्हणता आलं.