मुक्ता

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंच्या चार मुलांची नावे ओळीने म्हणून पाहावीत: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी संसारातून मन मागे घेणे, मग ज्ञान, मग पायऱ्या, आणि शेवटी सुटका. संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा घरी परतलेल्या बापाच्या घरातली ही नावे. त्या वाटेचा शेवटचा मुक्काम धाकट्या लेकीच्या नावात आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

शब्द संस्कृतातल्या ‘मुच्’ धातूचा. मुच् म्हणजे सोडणे. मुक्ता म्हणजे सुटलेली, मोकळी. संस्कृतात मोत्यालाही मुक्ताच म्हणतात. त्यावरून मौक्तिक, आणि प्राकृतातून झिजत आलेला आपला मोती. म्हणून मोत्यासारखी लेक अशा कौतुकानेही हे नाव ठेवता येते. पण मराठीत त्याला वजन आले ते विठ्ठलपंतांच्या या लेकीमुळे, संत मुक्ताबाईंमुळेच.

परंपरेनुसार त्यांचा जन्म शके १२०१ चा, म्हणजे इ.स. १२७९ चा, आणि शके १२१९ मध्ये तापीकाठी मेहूण इथे त्या अंतर्धान पावल्या. उणेपुरे अठरा वर्षांचे आयुष्य. लोकनिंदेने दुखावून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत घालणारे ताटीचे अभंग त्यांच्या नावावर आहेत. चौदाशे वर्षे जगल्याची आख्यायिका असलेल्या योगी चांगदेवांचे कोरे पत्र आले, तेव्हा इतके जगूनही हा कोराच राहिला, असे बोलल्या त्या याच. पुढे चांगदेवांनी त्यांनाच गुरू केले. भावंडांत सर्वांत लहान, तरी वारकऱ्यांच्या तोंडी त्या मुक्ताई झाल्या. जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादचे नावही आता मुक्ताईनगर आहे, आणि आषाढीला त्यांची पालखी तिथून पायी पंढरपूर गाठते.

साडेपाच शतकांनी हे नाव पुण्यात पुन्हा ठळक झाले. जोतीराव-सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. विषय होता मांग-महारांचे दुःख. वय चौदाच्या आसपास. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारले. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, ऊन-पावसात त्यांचे काय हाल होतात, तेही तिने त्याच निबंधात लिहून ठेवले.